खडूची धूळ

माझी बायको गणिताची बाई. सकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ती ऑनलाइन तास घेते आणि मी समोर बसून पेपर वाचतो. काल तिनं पडद्यावरच्या फळ्यावर डिजिटल पेननं समीकरण सोडवलं, एका बटणानं फळा कोरा केला आणि दोन्ही हात एकमेकांवर खसाखसा झटकले. खडू नाही, डस्टर नाही, तरी हात झटकले! डोकं नवं शिकतं, हात मात्र जुन्याच शाळेत जात राहतात, असं काहीतरी मला सुचतंय तोच नाकात धूळ गेल्यासारखी जोरदार शिंक आली.

मान वर न करताच बाई कडाडल्या, "मागच्या बाकावर कोण रे तो? रुमाल धर आधी!"

मी मुकाट्यानं रुमाल धरला.