आवाज बंद टीव्ही आणि नवा इन्स्पेक्टर

मैत्रिणींनो, आज दुपारचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवेना.

मी हदगावची. लेकीच्या नीटच्या क्लाससाठी लातुरात खोली करून राहते. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्या अशाच आया. लेकरांचा अभ्यास मोडू नये म्हणून आम्ही टीव्हीसुद्धा आवाज बंद करूनच बघतो.

आमची ती गुन्ह्यांची मालिका किती वर्षांपासून चालू आहे! आज बघतो तर इन्स्पेक्टरसाहेबांच्या खुर्चीत भलताच माणूस.

"ह्याच्या डोळ्यातच खोट हाय," शेजारच्या काकू म्हणाल्या. त्या शिरूर अनंतपाळच्या. "ह्यानंच साहेबाला गायब केलंय बघा."

मला तर मालिकावाल्यांचाच संशय. "पैशावरून वाजलं असणार. न सांगता असं कुणी माणूस बदलतं का? उद्यापासून बघायचीच नाही!"

लेक कोपऱ्यात बसलेली. कानात इयरफोन, मोबाइलवर फिजिक्सचं लेक्चर. एक इयरफोन काढून वैतागून म्हणाली, "अगं आई, त्यांची नागपूरला बदली झाली. काल स्वतःच सांगितलं की! जाताना लई भारी बोलले."

काकू माझ्याकडे बघायला लागल्या.

काल साहेबांचे ओठ हलताना आम्ही पण बघितले होते. ऐकलं मात्र कुणीच नव्हतं.

मालिकावाल्यांवरचा संशय मी तिथंच मागं घेतला.

आता खरं सांगा, तुमचं लेकरू कानात इयरफोन घालून नेमकं काय ऐकून राहिलंय?