आखूड दांडा

मागावर कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं कापड मीच विणायची. घरचे, म्हणजे माझे यजमान, बाजार पाहायचे, सूत आणायचे. मग घरचे नि दीर, दोघा भावांची वाटणी झाली नि मागाच्या खोलीत मधोमध भिंत उभी राहिली. ती अशी आली, की दांडा फिरेना.

दांडा काय ते सांगते. विणलेलं कापड आपल्या मांडीसमोरच्या लाकडी रुळावर गुंडाळायचं असतं. रुळाच्या टोकाला भोक, त्यात दांडा घालून ओढायचा. तिकडून ताणलेलं सूत रुळाला मागं खेचतं, इकडून आपण. आमचा दांडा चांगला हातभर होता. सासऱ्यांनी करवत घेतली नि वीतभर ठेवला. झालं. आता त्याच सुताशी झोंबायला मला खांद्यापासून जोर काढावा लागे.

मी म्हटलं, "माग जरा इकडं सरकवू."

"मंग मागाखाली पाय सोडाचा खड्डा नवा खोदा लागन," घरचे म्हणाले. "दांडा अर्धा झाला, तुले तर उलटा हलका झाला."

एकदा मी त्यांना दाराशी नेलं. दार अर्धवट लोटलेलं. म्हटलं, "तुम्ही तिकडून बिजागरीजवळ हात लावा नि लोटा माझ्याकडं." स्वतः अलीकडून कडेला चार बोटं लावली. ते दात खाऊन लोटत होते नि दार सरकत होतं त्यांच्याच अंगावर. चौथीनंतर मी शाळा पाहिली नाही, पण एवढं माझ्या खांद्यानं मला शिकवलं होतं : फिरणाऱ्या वस्तूला जोर किती लावला एवढंच कळत नाही, ती जिथं फिरते तिथून किती लांब लावला तेही कळतं.

त्यांनी बिजागरीवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "बिजागरी गंजली असन."

अशी अकरा वर्षं गेली, बरं का. मागच्या दिवाळीच्या तोंडावर माझा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. वेणीसुद्धा जाऊ घालून देई. मागावर कापड अर्धं अडकलेलं, तेव्हा घरचे स्वतः बसले. पहिल्या दिवशी दांडा दोन्ही हातांनी ओढला. दुसऱ्या दिवशी खांद्याला तेल मागितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी लोखंडी सब्बल घेऊन भिंतीला भिडले.

पलीकडून दीर ओरडले, "काय करून राहिले, भाऊ?"

"दांड्याले जागा करून राहिलो."

"मंग करा ना," दीर म्हणाले. "मी कधी नाही म्हनलो?"

चहा व्हायच्या आत भोक झालं. दुपारी त्यांनी नवा दांडा तासला, हातभर लांब, नि मला हाक मारली. "ये, पाह्य, किती हलका फिरते."

उजवा अजून उचलत नव्हता, मी डावा हात लावला. रूळ फिरला, पोळपाटावर पोळी फिरावी तसा.

"पाह्यलं?" ते हसत होते.

मी दांडा रुळातच ठेवला नि चुलीकडे गेले. चुलीवर काही नव्हतं, पण त्यांच्यासंगं हसवेना.