खांद्याचा वाटा

काक्साउकच्या हातातली अर्धचंद्री सुरी सीलच्या अंगावर फिरू लागली, की आमच्या साऱ्या वस्तीचे डोळे तिच्याकडे लागत. नवऱ्याने मारावे, बायकोने कापावे, आणि प्रत्येक अवयव ज्याचा त्याच्या घरी जावा, ही आमची रीत. कोणी कोणाला कोणता अवयव द्यायचा, या वाट्यांच्या जोड्या मुलांच्या लहानपणीच आया ठरवतात. मग ते जोडीदार एकमेकांना नावाने नव्हे, वाट्याने हाक मारतात. काक्साउकचा नवरा उविलुक आणि त्याचा सोबती तुलिमाक हे एकमेकांचे खांदे. “खांद्या, तुझा सीलसुद्धा तुझ्यासारखाच वाळका,” असे तुलिमाकने चिडवावे आणि उविलुकने हसत मोठा तुकडा पुढे करावा.

त्या हिवाळ्यात समुद्रावरच्या बर्फाची लादी तुटली आणि तुलिमाकला घेऊन धुक्यात गेली. त्याची हाक ऐकू येत होती; मग येईनाशी झाली. गेलेल्याचे नाव नव्या बाळाला मिळेपर्यंत आम्ही उच्चारत नाही. ते बाळाला द्यावे, तर तो गेला हे मान्य करावे लागते. काक्साउकने पुढच्या सीलचा खांदा कापून तुलिमाकची गरोदर बायको सिग्लुक हिच्यापुढे धरला, तेव्हा ती म्हणाली, तो आल्यावर तोच नेईल. वाटा तसाच गोठून राहिला.

आणि उविलुकचा भाला थांबला. सीलला श्वास घ्यायला बर्फात पुष्कळ छिद्रे असतात. प्रत्येकावर माणूस उभा असेल, तरच तो कुणाच्या तरी हाती लागतो. उविलुकच्या छिद्रात पाणी हले, हात उठे, आणि शेजारच्या, तुलिमाकच्या रिकाम्या छिद्रापाशी बर्फ करकरे. तिथे कोणीतरी श्वास घेई. तो वळून पाही, तोवर सील निसटे. तो सोबतीच आपला वाटा मागतो आहे, असे उविलुकने बायकोला सांगितले. दिव्यांतली चरबी संपत आली. पोरे कातडे चघळू लागली. पण त्या गोठलेल्या खांद्याला कोणी हात लावला नाही. तो दुसऱ्याचा होता.

तशात सिग्लुकला कळा सुरू झाल्या. सुईण काक्साउकच. आमच्याकडे बाळाला नावे घेऊन बोलवायचे असते. आपले नाव ऐकले, की ते येते. तिने आज्यांची नावे घेतली, मामांची घेतली. बाळ येईना. सिग्लुकचे ओठ निळे पडले. एकच नाव उरले होते, आणि ते दोघींच्या मध्ये बसून होते.

“घेऊ का गं?” काक्साउकने विचारले.

“तो परत येणारे. मी त्याचे बूट वाळत घातलेत.”

“येतोच आहे, बाई. दारात अडलाय. तू वाट दे.”

सिग्लुकने डोळे मिटले आणि मान हलवली. काक्साउकने सील धाडणाऱ्या समुद्रतळीच्या माउलीकडे हात पसरले आणि कळवळून नाव घेतले: तुलिमाक.

बाळ आले. मुलगी.

उविलुक बर्फघराच्या दाराच्या बोगद्यातून रांगत आत आला आणि बाळासमोर बसला. “केवढा उशीर केलास, खांद्या,” तो म्हणाला. “आणि आलास तो बाई होऊन?” सिग्लुक हसली, आणि हसता हसता तिचा हुंदका फुटला.

दुसऱ्या दिवशी त्या रिकाम्या छिद्रावर काक्साउक स्वतः उभी राहिली. सीलला तिच्याकडे वाट मिळाली नाही; तो उविलुककडे वळला, आणि या वेळी भाला थांबला नाही. ज्याने आपला देह दिला त्या पाहुण्या सीलच्या तोंडात काक्साउकने आधी गोडे पाणी घातले, मग सुरी उचलली. खांदा बाळापुढे ठेवला. चरबीचे बोट ओठांना लावताच ते चोखू लागले. जुना गोठलेला वाटा सिग्लुकने आपल्या हाताने पोरांना वाटला, आणि बूट खाली काढून बाळाच्या उशाशी ठेवले.

बाहेर बर्फ करकरत नव्हता. आम्ही सारे ऐकत बसलो होतो.