बुजवलेलं भोक

आमच्या मुलीच्या हृदयाला भोक होतं आणि ते ऑपरेशन करून बुजवलं, असं मी वीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो. नातेवाइकांना, शाळेत, बिबवेवाडीच्या सोसायटीत. तिलाही.

खरी गोष्ट वेगळी होती. रक्त ढकलणारे दोन कप्पे हवेत, तिला धड असा एकच होता. तीन ऑपरेशनांत डॉक्टरांनी रक्ताची वाट तेवढी बदलली. दुसरा कप्पा कुठून आणणार?

भोक म्हटलं की लोक विचारायचे, "मग आता बरी आहे ना?" मी हो म्हणायचो. पण बुजवलेलं भोक दरवर्षी कशाला दाखवायचं, हे तिला काय सांगणार? ती बारा वर्षांची झाल्यावर मी तपासण्याच बंद केल्या. "डॉक्टर परदेशी गेले," म्हणालो. बायको म्हणायची, "अहो, सांगा आता तिला." दहावी होऊ दे, म्हणायचो. मग बारावी. मग नोकरी.

नोकरी लागली हिंजवडीत. कंपनीच्या मेडिकलमध्ये छातीवरचा व्रण दिसला, ऑक्सिजन थोडा कमी भरला, आणि तिला हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. सोबत मी गेलो.

डॉक्टर म्हणाले, हृदय बरं चाललंय, पण बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या बघू. अशा ऑपरेशनांनंतर काहींच्या त्या नीट उघडत नाहीत. दंडाला पट्टा बांधून पाच मिनिटं रक्त अडवायचं, मग सोडायचं. वाहिन्या किती उघडतात ते बोटाला लावलेलं यंत्र सांगतं.

सिस्टरनी तिला नेलपॉलिश पुसायला लावलं. खाली नखं किंचित निळसर. ती नेहमी गडद रंग का लावते, हे मी कधी विचारलं नव्हतं.

पट्टा फुगला.

"बाबा, भोक तर बुजवलंय ना? मग बोटं कशाला बघतायत?"

"कसलं भोक?" फाइल चाळत सिस्टर म्हणाल्या.

तिने माझ्याकडे पाहिलं. हात पांढरा पडत चालला होता. त्या पाच मिनिटांत मी सगळं सांगितलं, तिच्याकडे न बघता, त्या हाताकडे बघत. पट्टा सुटला, हात लाल झाला.

"डॉक्टर परदेशी गेले, हेही तुम्हीच रचलंत?"

मला कायम 'ए बाबा' म्हणणारी मुलगी 'तुम्ही' म्हणाली.

वाहिन्या उघडत होत्या, पण तिच्या वयाला हव्या तितक्या नाही. रोज चालायचं, तपासण्या चुकवायच्या नाहीत, बाकी हमखास औषध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांना एकट्यात गाठून विचारलं, "मधल्या वर्षांत आणलं असतं तर?"

"ते आता सांगता येणार नाही."

त्यांनी सरळ दोष दिला असता तर बरं झालं असतं. आता तिने चहाचा कप उचलला तरी माझं लक्ष तिच्या नखांकडे जातं.

त्या दिवशी बाहेर ती बाकावर बसून कंपनीचा फॉर्म नीट करत होती. आजाराच्या रकान्यात लिहिलेलं भोक तिने खोडलं.

"खरं नाव काय? स्पेलिंग सांगा."

मी एकेक अक्षर सांगितलं. लांबलचक इंग्रजी नाव, कुठेही न अडखळता. ती अर्ध्यात थांबली.

"पाठ आहे तुम्हाला," म्हणाली.