लाडू वेळीपचे तीन मंगळवार

लाडू वेळीपच्या उजव्या खांद्यावर एक खळगा होता. त्यात पावशेर तांदूळ मावतील, असे जंगलातल्या गुंद गावचे लोक सांगत. हा खळगा सायकलीने पडलेला. सायकलीवरून पडून नव्हे, सायकल वाहून.

साल १९२४. लाडू तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि सायकल चालवणे हा त्याचा धंदा होता. त्या जंगलात हा धंदा करणारा तो एकटाच. त्यामुळे गावाला तो समजावून सांगणे ही त्याच्या आईच्या, रुक्माच्या, आयुष्यातली मोठी अडचण होऊन बसली होती.

"ल्योक काय करतो गं रुक्मा?"

"बेळगावात असतो."

"ते झालं. करतो काय?"

"बसतो आनि पाय हालवतो."

"आनि पगार कशाचा?"

"त्याचाच."

विचारणारी बाई मग आपल्या पायांकडे बघत बसे.

दोन वर्षांपूर्वी लाडू लाकूड-डेपोवर सागवान ओढत होता. बेळगावचे सायकलींचे दुकानदार वासूशेठ एका साहेबाला सायकल दाखवायला तिथे आले. साहेबाचा बंगला डोंगरावर, आणि वर जायला नुसती पायवाट. लाडूने सायकल खांद्यावर टाकली आणि वर नेली. साहेबाला ती पसंत पडली नाही. येताना लाडू तिच्यावर बसून खाली आला. त्याआधी तो सायकलीवर कधी बसला नव्हता, आणि ब्रेक नावाची वस्तू असते हे त्याला खाली आल्यावर कळले. वासूशेठांनी त्याला तिथल्या तिथे नोकरीवर ठेवले.

बेळगावात तो पाठीवर दुकानाची पाटी बांधून गल्ल्यांतून फिरे आणि कँपातल्या शर्यतींत पळे. सायकल दुकानाची होती. तो तिला रोज पुसायचा, चाकाला कान लावून आवाज ऐकायचा. तिला त्याने नाव मात्र ठेवले नव्हते. नाव ठेवले की हाक मारावीशी वाटते, आणि हाक मारली की माणूस उत्तराची वाट बघत बसतो.

त्या वर्षी बेळगाव, धारवाड आणि हुबळीच्या दुकानदारांनी मिळून एक मोठी शर्यत ठरवली. तीन आठवडे, रोज एक मजल. बेळगावहून धारवाड, हुबळी, यल्लापूर, शिरसी, कुमठा करत समुद्राला लागायचे, कारवारहून अणशीचा घाट चढून जंगलातून परत वर यायचे आणि शेवटी पुन्हा बेळगाव. रोजचा वेळ घड्याळावर मोजायचा आणि त्याची बेरीज करत जायचे. आठ स्वार होते. लाडूला टक्कर देईल असा एकच, धारवाडचा यल्लाप्पा. सपाटीवर यल्लाप्पा भारी, चढावर लाडू. आणि वाटेत चढ पुष्कळ होते, त्यामुळे लाडूची दहा आणे खात्री, असे बाजारात बोलले जाई.

वासूशेठ म्हणाले, "पहिला आलास तर ही सायकल तुझी. नाही आलास तर सायकल काचेमागे आणि तू सागवानाखाली."

शर्यतीच्या आधी लाडू देवीच्या पाया पडायला गुंदाला गेला. तिथे सगळे बिनसले.

त्या वर्षी देवीची जत्रा होती. ती सात वर्षांनी एकदा यायची. जत्रेआधीचे पाच मंगळवार गाव वार धरायचा. त्या दिवशी गावात जे काही गोल फिरते ते बंद. गाडीचे चाक नाही, जाते नाही, रहाट नाही. उखळ-मुसळ चालायचे, कारण मुसळ वरखाली जाते, फिरत नाही. कुत्रे बसण्याआधी स्वतःभोवती गोल फिरू लागले तर त्याला हाकलून देत. बिचारी कुत्री दिवसभर उभी असत. सहाव्या मंगळवारी देवीचा रथ निघे, आणि मधल्या एखाद्या मंगळवारी कुणी चाक फिरवले असेल तर रथ भर रस्त्यात रुतून बसे. मागच्या जत्रेत तो चार तास रुतला होता. एका घरी मंगळवारी नाचणी दळली गेली होती म्हणे. त्या घरच्यांशी गाव अजून सरळ बोलत नव्हता.

गावचा म्होरक्या म्हणजे बुधवंत. त्याचे नाव नागू. वय सत्तरीच्या पुढे. त्याने लाडूला देवळासमोर बसवले.

"शर्यत कवा सुटती?"

"बुधवारी."

"दिस किती?"

"एकवीस."

बुधवंताने हाताची बोटे मोजली, मग पायाची मोजली, आणि एक बोट कमी पडले तेव्हा शेजारी बसलेल्या रुक्माचे घेतले. "म्हंजे तीन मंगळवार. आनि शेवटचा दिस कंचा?"

"मंगळवारच," लाडू हळूच म्हणाला.

"वार धराय लागंल."

"पर बुधवंतमामा, चाक तिकडं फिरनार. रथ हितं हाय."

"तू बेळगावात जेवलास तर प्वाट कुनाचं भरतंय? गुंदाच्याच मानसाचं न्हवं? मानूस गुंदाचा, तर वार बी गुंदाचा."

तरी देवीला कौल लावला. पाषाणावर डावीउजवीकडे दोन ओली फुले चिकटवली. उजवे पडले तर सूट, डावे पडले तर नाही. डावे पडले, आणि तेही फार वाट न बघता.

लाडू गुडघ्यात डोके घालून बसला. जगात असे तीन आठवडे कुठे मिळतात, ज्यांत तीन मंगळवार नाहीत? मग रुक्मा म्हणाली, "मंगळवारी जातं फिरवत न्हाई आमी. पर उचलून बाजूला ठेवतोच की, झाडलोट कराय. उचलाय कुटं मनाई हाय?"

बुधवंताने बराच वेळ आकाशाकडे पाहिले. "न्हाई," तो म्हणाला. "पर चाकं बांदून घे. वाऱ्यानं फिरलं तरी ते फिरलंच."

शर्यत सुटली. सहा दिवस लाडू पुढे होता. सातव्या दिवशी, हुबळीच्या पुढच्या काळ्या मातीच्या सपाट रस्त्यावर, त्याने दोन्ही चाके सुंभाने बांधली, सायकल खांद्यावर घेतली आणि चालू लागला. सातही जण त्याला घंटी वाजवत ओलांडून गेले. वाटेत एका म्हाताऱ्याला वाटले की कुणाचे तरी प्रेत चालले आहे. त्याने पागोटे काढले आणि थोडे अंतर सोबतही केली.

वासूशेठ टांग्यातून शर्यतीच्या मागे मागे येत होते. त्यांनी टांगा लाडूच्या बरोबरीला आणला.

"लाडू! अरे बस तिच्यावर! लोक बघतायत!"

"आज मंगळवार हाय, शेठ."

"माझ्या सायकलीला चाकं आहेत, लाडू! लोक त्यासाठीच विकत घेतात!"

"उद्या दावतो की फिरवून."

त्या मजलीत त्याचे तीन तास गेले. यल्लाप्पाच्या दुकानदाराने वर तक्रार केली, ही शर्यत सायकलींची आहे की हमालांची? पंचांनी नियमांचा कागद तीनदा वाचला. स्वार आणि सायकल यांनी बरोबर पोचावे, गाडी आणि जनावर यांना हात लावू नये, एवढेच त्यात होते. कोणी कोणावर बसायचे हे लिहायचे राहून गेले होते.

दुसरा मंगळवार अणशीच्या घाटात आला. घाटाचा रस्ता म्हणजे सुटे दगड आणि वळणे. सातही स्वार खाली उतरून सायकली ढकलू लागले. त्या दिवशी चाक हेच मोठे ओझे झाले होते. लाडूने आपली चाके बांधली, सायकल खांद्यावर घेतली आणि रस्ता सोडून लाकूडतोड्यांच्या उभ्या पाऊलवाटेने निघाला. सागाच्या ओंडक्यापुढे सायकल म्हणजे काय? तो दुपारी वर पोचून जेवून झोपला. यल्लाप्पा दिवेलागणीला आला, तोही सायकलीशी भांडत. वासूशेठांना हसावे की रडावे कळेना. लाडू सगळ्यांच्या पुढे गेला होता, पण लोक बोलत होते ते त्यांची सायकल उचलून नेल्याबद्दलच.

पुढच्या सहा दिवसांत यल्लाप्पा सपाटीवर रोज थोडे थोडे कुरतडत गेला. विसाव्या दिवशी बागेवाडीला लाडूची आघाडी उरली बरोबर दोन तासांची.

शेवटच्या दिवशी पंचांनी एक गंमत केली. बेरजा लोकांना कळत नाहीत, म्हणून जो जितका पुढे तितका आधी सुटेल, आणि बेळगावच्या बाजारात जो आधी पोचेल तो जिंकला. लाडू बारा वाजता सुटणार, यल्लाप्पा दोनला. अंतर बारा मैल. लाडू चालत तासाला चार मैल जाई, म्हणजे तीन वाजता. यल्लाप्पा तासाला बारा मैल जाई, म्हणजे तोही तीन वाजता. बेळगावात शाळामास्तरांनी हे गणित फळ्यावर करून पाहिले आणि खडू खाली ठेवला.

इकडे गुंदात घाटातल्या पराक्रमाची बातमी पोचली होती. गावाला वाटले, देवीला आपण पहिल्यांदा प्रश्नच नीट विचारला नव्हता. रविवारी पुन्हा कौल लावला. शेवटच्या मंगळवारी, शर्यतीपुरते, लाडूला चाक फिरवू द्यावे काय? उजवे फूल पडले. ते फूल लाडूच्या हातात बुधवंतानेच द्यायचे, तरच सूट लागू. म्हणून सोमवारी बुधवंत, रुक्मा आणि गावचे दोघे जण जंगल तुडवत कॅसलरॉकला गेले आणि बेळगावच्या आगगाडीत बसले.

खानापूर आले आणि सूर्य उगवला.

"दिस उगावला! मंगळवार लागला! उतरा!" बुधवंत ओरडला. चौघेही उतरले. डब्यातल्या एका माणसाने खिडकीतून विचारले, "अहो, तुमच्याकडे सूट आहे म्हणालात ना?"

"ती लाडूची हाय," रुक्मा म्हणाली. "आमची न्हाई."

तिथून सोळा मैल ते चालत बेळगावला आले, बाजार ओलांडून धारवाडच्या रस्त्याला लागले आणि दोन मैल पुढे गेले. अडीच वाजता समोरून लाडू येताना दिसला. चेहरा घामाने धुतलेला, खांद्याला फडके गुंडाळलेले.

"ठेव खाली," बुधवंत म्हणाला. "देवीनं सूट दिली."

लाडूने सायकल खाली ठेवली. उरले होते दोन मैल, आणि यल्लाप्पा अजून वीस मिनिटे मागे. बसले आणि पाय हलवले की संपले. लाडूला हसू आवरेना. त्याने हात पुढे केला. "द्या फूल."

"असं कसं द्याचं? देवीला गाऱ्हानं घालाय नगं?"

लाडूने हात जोडले. बुधवंताने डोळे मिटले आणि सुरुवात केली. आधी देवी. मग सीमेवरचे राखणदार, एकेक करून. मग गावाचे पूर्वज, जे आठवत होते ते आणि जे आठवत नव्हते ते. मग गुरेढोरे. मग लाडूचे हात, लाडूचे पाय. प्रत्येक वाक्याला बाकीचे "व्हय गे आये!" म्हणत. मग सायकल आली. पुढलं चाक राख. मागलं चाक राख. साखळी राख. त्या घंटीला कुनाची दिष्ट लागू देऊ नगं.

"मामा, जरा बेगीन," लाडू पुटपुटला.

बुधवंताने डोळे उघडले. "मदी बोललास?"

रुक्माने कपाळावर हात मारून घेतला. गाऱ्हाण्यात कुणी मध्ये बोलले की ते पहिल्यापासून घालावे लागते. बुधवंताने डोळे मिटले. आधी देवी. मग सीमेवरचे राखणदार.

ते पूर्वजांपर्यंत आले असतील, तेव्हा मागून घंटी ऐकू आली. यल्लाप्पा. हात जोडून उभी असलेली पाच माणसे आणि मध्ये एक सायकल पाहून त्याने भक्तीने दोन्ही हात सोडून नमस्कार केला, थोडा झोकांडला, सावरला आणि पुढे गेला. लाडू हात जोडून त्याची पाठ लहान होत जाताना बघत राहिला. बोलायची सोय नव्हती.

घंटीची दृष्ट निघाली आणि फूल हातात पडले. लाडू सुटला. तो त्या दिवशी जसा पळाला तसा आयुष्यात पुन्हा पळाला नाही. बाजाराच्या तोंडाशी यल्लाप्पा त्याच्यापुढे एक बैलगाडीभर अंतरावर होता, आणि तेवढाच राहिला.

यल्लाप्पाला हार पडले. लाडूने खांद्याच्या फडक्याने सायकल पुसली, घंटी जरा जास्तच वेळ पुसली, आणि वासूशेठांच्या दुकानात नेऊन काचेमागे ठेवली. लाडू पायरीवर बसला. रुक्मा त्याच्या शेजारी बसली.

तेवढ्यात माणसे जमू लागली.

"हीच ती? उचलायची सायकल?"

"शेठ, वजनाला कशी आहे?"

एकाने ती बाहेर काढून खांद्यावर घेऊन पाहिली. "बसते हो बरोबर," तो म्हणाला. दुसऱ्याने शेजारच्या नव्या कोऱ्या सायकलीकडे बोट दाखवले. "आणि ही? हीसुद्धा मंगळवारी बंद असते का?"

वासूशेठांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते एकदम म्हातारे दिसत होते. "लाडू, ती घेऊन जा. ती इथं आहे तोवर माझी एकसुद्धा विकली जायची नाही."

"कवा आनून देऊ?"

"देऊच नकोस! तुझी ती. कायमची. फक्त एक कर. या बाजारातून जाताना तिच्यावर बसून जा. लोकांना बघू दे, ती मंगळवारीसुद्धा चालते!"

लाडू उठला. त्याने सायकलीच्या मुठीवर हात ठेवला आणि बुधवंताकडे पाहिले. बुधवंताने सूर्याकडे पाहिले. तो अजून चांगला दोन हात वर होता.

"सूट शर्यतीपुरती व्हती," बुधवंत म्हणाला.

लाडूने कमरेचा सुंभ सोडला, एकेक चाक बांधले आणि आपली सायकल खांद्यावर घेतली. सगळा बाजार बाजूला झाला. मागे वासूशेठांच्या दुकानाची दारे एकेक करून लागल्याचा आवाज आला. रुक्मा लेकाच्या बाजूने हात उंच करून चालत होती. तिने घंटी मुठीत गच्च धरली होती.

"ती कशाला धरलीस गं आये? ती फिरत न्हाई."

"वाजली तर लोकास्नी वाटंल, फिरली," ती म्हणाली. "चल तू."