मान फेंडरची, अंग इतवारीचं

चाळीस वर्सं झाली, आमच्या यायची गिटार खरी का खोटी, हाच एक विषय हाय या घरात. पोरगी बेसा गावाले सासरी गेली, सासऱ्याचा हातमाग मोडीत गेला, माहे गुडघे गेले, पण तो विषय काही गेला नाही.

हे म्हणजे मधुकरराव हेडाऊ, तांडापेठेतले कोष्टी. माग बंद पडला तवा सुतारकाम शिकले, अन् लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवाले लागले. ती गिटार भेटली अजनीच्या रेल्वे कॉलनीत. एक अँग्लो-इंडियन गार्ड ऑस्ट्रेलियाले चालला होता. 'फेंडर कंपनीची हाय, सांभाळ' म्हणून देऊन गेला. पण दिसाले काय ते ध्यान! खालून खाच पडलेली, जसा उंदरानं पापड खाल्ला. डोक्याले भाल्यावानी टोक. ऑर्केस्ट्रातले सारे खी खी करत. 'डुप्लिकेट माल हाय गा मधुकर, फेंडरची अशी नसते.'

हे चिडले. अन् चिडलेला माणूस अक्कल गहाण टाकून जे करते, ते यायनं केलं. खाचेत लाकूड बसवून खालचा काठ सरळ केला. त्या लाकडासाठी चार दिवस इतवारीचा बाजार पालथा घातला, रंगाले रंग अन् रेघेले रेघ जुळली पाहिजे म्हणून. आतली जुनी भोकं बुजवली, टोक घासून गोल केलं, वरून लाल रंग मारला. मी म्हटलं, 'काहून एवढा जीव काढता?' तं म्हणे, 'भागीरथा, बाबा सांगत, तुटला धागा सांधला अन् सांधा दिसला, तं तो कोष्टी कायचा?' तवाच सांगाले पाहिजे होतं, का बाप्पा, हे लुगडं नोहे, गिटार हाय. पण नवं नवं लग्न होतं. मी येडी कौतुकानं पाहत बसली.

गेल्या आयतवारी गिटार पाहाले अपूर्व आला. धरमपेठेतला पोरगा, बोलणं एकदम पुस्तकी. जुन्या वाद्यांचं प्रदर्शन भरवून राहिला तो. त्यानं मोबाइलवर एक फोटो दाखवला अन् यायनं चहा खाली ठेवून मोबाइल हातात घेतला. तीच खाच, तेच टोक. फेंडरनं म्हणे एकोणसत्तर साली बास गिटारींची उरलेली अंगं छाटली, दुसऱ्या मॉडेलच्या माना लावल्या अन् मोजक्याच गिटारी विकल्या. 'स्विंगर' म्हणत तिले. म्हणजे आम्ही उरल्यासुरल्या सुताचं पांघरूण विणतो, तसंच झालं की हे. आता लोक शोधत फिरतात म्हणे.

'तेच तं मी चाळीस वर्सं सांगून राहिलो,' हे म्हणाले. यायले पैसे नव्हते पाहिजे. गिटार प्रदर्शनात ठेवावी, खाली चिठ्ठीवर यायचं नाव लिहावं, अन् ऑर्केस्ट्रातले जे दोघं-तिघं जिवंत हायेत त्यायनं येऊन वाचावं. बस, एवढंच.

अपूर्वनं गिटारीची मान खोलून आतला शिक्का पाहिला. मंग अंग उलटंपालटं केलं, अन् अवघडून म्हणाला, 'काका, मान फेंडरचीच आहे. पण अंग इथलं आहे, इतवारीत कुणीतरी बनवलेलं. खाच कुठे आहे?'

'भरली मी.'

'मग जोड दाखवा. जोड दिसला की मी मानतो.'

यायनं पॉलिश पेपर घेतला अन् खालचा रंग घासाले सुरुवात केली. बोटभर, मंग वीतभर. लाकूड उघडं पडलं. लाकडाची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली होती. अपूर्वनं भिंग लावून पाहिलं अन् 'नाही' म्हणून मान हलवली.

माह्या अंगाचा तिळपापड झाला. साऱ्या जन्मात या माणसानं दरवाजा बसवला तं फट राहिली, पलंग केला तं करकरला. एकच काम बिनचूक केलं, अन् तेच नडलं.

'आरी घ्या अन् कापून दाखवा त्याले,' मी म्हटलं.

'कापतो वं. पण कुठं कापू?'

यायनं चष्मा काढला, डोळे मिटले, अन् काठावरून नख फिरवलं, सासरे सूत तपासत तसं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. अपूर्व घड्याळ पाहून राहिला होता.

'इथंच कुठं तरी होता, भागीरथा,' हे म्हणाले. 'मलेच सापडून नाही राहिला.'