बोरिवलीच्या डेपोत एक मुक्काम आणि एक कडी

लोक दिवाळीनंतर हिमाचलला जातात, मी बोरिवलीला गेले. माझी मैत्रीण शिल्पा फोनवर खो खो हसली. "मुलुंडहून बोरिवली? ह्याला ट्रिप म्हणतात होय गं?" म्हटलं, रात्रीचा मुक्काम आहे, बॅग भरलीय, बसमध्ये खायला चिवडा घेतलाय, म्हणजे ट्रिपच.

तिथे डोंगराच्या अंगाला लष्कराचा एक जुना डेपो आहे. लष्कर निघून गेलं, बराकी बरीच वर्षं ओस पडल्या. आता एका संस्थेने तिथे फुटपाथवर राहणाऱ्यांसाठी खोल्या केल्यात आणि खोलीसोबत कामही शिकवतात: सुतारकाम, वेल्डिंग, स्वयंपाक. एक बराक पाहुण्यांसाठी आहे, तिचा कारभार तिथले रहिवासीच बघतात. मला किल्ल्यांची खोड, तेव्हा हा बिनतोफांचा किल्ला सोडणं शक्यच नव्हतं.

मुलुंडहून बस पवईमार्गे जाते. जोगेश्वरीला हायवेवर वाट लागते, म्हणून सकाळी लवकर निघा. पुढे रिक्षा. रिक्षावाल्याला "मिलिटरीवाला" असं बजावून सांगा. मी नुसतं डेपो म्हणाले आणि त्याने मला मोठ्या प्रेमाने बस डेपोत नेऊन सोडलं.

माझी खोली दाखवायला विमलताई आल्या. पन्नाशीच्या, मूळच्या जालन्याकडच्या, कमरेला हातोडी खोचलेली. खोली स्वच्छ, खिडकीतून जांभळाचं झाड. दार मात्र किल्ल्याला शोभेल असं जाडजूड. बाहेरून मनगटाएवढी लोखंडी कडी आणि आतून एक नवीकोरी, लहानशी.

"ही आतली मीच बसवली," त्या म्हणाल्या. "पहिले हितं सामान ठिवायचे ना. सामान काय आतून कडी लावतंय?"

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

जेवण सैनिकांच्या जुन्या मेसमध्ये. काळ्या वाटाण्याचं सांबारं, गरम भात, वर सोलकढी. वाढणाऱ्या काकू कोकणातल्या. "जेव गो, लाजतंस कित्याक?" म्हणत त्यांनी तिसऱ्यांदा भात वाढला. राहणं-जेवण मिळून खर्च इतका कमी, की हॉटेलवाल्यांचा राग येतो. डासांचं मलम तेवढं न्या, डास अजून लष्करी शिस्तीतले आहेत.

जेवताना विमलताई समोर बसल्या आणि मला सगळं कळलं. त्या आणि त्यांचा नवरा, बबनराव, अंधेरीच्या पुलाखाली राहायचे. खोली दोघांच्या नावावर मिळाली. पहिल्या दिवशी बबनराव आले, दार पाहिलं आणि उंबऱ्यावरूनच माघारी फिरले. त्यांना मागे एकदा रस्त्यावरून भिकारी म्हणून गाडीत घालून नेलं होतं आणि एका खोलीत डांबून बाहेरून कडी लावली होती.

"म्हणला, बाहेरून कडी हाय तिथं मी झोपनार न्हाई. तवापासून पुलाखालीच हाय. उद्या संध्याकाळपत्तुर आला न्हाई तर खोली दुसऱ्याला. मला बायांच्या हॉलमध्ये जावं लागंल. संस्थेचं बी बरोबर हाय, लोक ताटकळलेत."

"मग तुमच्या दाराला आधीच आतली कडी का नाही बसवली?"

"आमच्या हितल्या सुतारकामाच्या कारखान्याची रीत हाय, ताई. आधी दुसऱ्याचं दार, आपलं शेवटाला."

त्यांच्या दाराची पाळी नेमकी त्याच दुपारी होती. मी स्क्रू धरायला उभी राहिले (दोन हरवले, क्षमस्व). आतली कडी बसली. मग विमलताईंनी पाना घेतला आणि बाहेरची कडी काढायला लागल्या. ती निघता निघेना. शेवटी धाडकन पायाशी पडली.

"अहो, मग बाहेर जाताना कुलूप कुठे लावणार?"

"कुनीतरी घरात असनारच. पुलाखाली आमी दोघं कदी एकदम जागा सोडली न्हाई. एकानं जायचं, एकानं जागा धरून बसायचं. उठला की जागा गेली."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बसने अंधेरीला गेलो. विमलताईंच्या पिशवीत जेवणाचा डबा आणि त्याखाली ती कडी. बबनराव पुठ्ठ्यावर बसले होते. मी जरा मागेच उभी राहिले, जणू निकाल माझाच होता.

"आतून बसवली कडी," विमलताई म्हणाल्या.

"अन् बाहेरची?"

त्यांनी पिशवीतून ती काढून नवऱ्याच्या मांडीवर ठेवली. बबनरावांनी ती उलटी-सुलटी करून पाहिली, भोकांत बोट घालून पाहिलं. मग शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाले, "जरा जागा बघ रे. बघून येतो नुसतं."

दोघं बोरिवलीच्या बसमध्ये चढले. मला मुलुंडला परतायचं होतं. खिडकीतून बबनरावांचा चेहरा दिसला. कडी त्यांनी बायकोकडे परत दिली नव्हती.

घरी आले, कपडे धुवायला टाकले, पण जीव थाऱ्यावर नव्हता. किल्ल्यांवरून मी फोटो आणते. ह्या खेपेला आणला तो घोर. शिल्पाने विचारलं, "काय पाहिलंस गं तिथे?" मला नीट सांगताच येईना. संध्याकाळी चहा टाकला आणि फोन वाजला.

"ताई, वाट लागली," विमलताई. "मी डबे घासायला मेसमदी गेले, तर ह्यानं आतून कडी लावली. कवाची दार वाजवतीय, उघडंना."

"अगं बाई! बरं आहे ना त्यांना?"

"घोरतोय की. हितपत्तुर आवाज येतोय."

"मग आता?"

"आता काय. लई वर्सांनी असा झोपलाय. झोपू दे. मी बसते पायरीवर."